आधी पहिल्या गुडघ्याला विचारा

नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठ मंडळींमध्ये "वाट्या बदलल्या का?" हा प्रश्न आता तब्येतीच्या साध्या चौकशीसारखा विचारला जातो. "एक झाली, दुसरी राहिली आहे," हे उत्तरही ठरलेलं. त्यातला 'राहिली आहे' हा शब्द मला खटकतो. दुसरा गुडघा म्हणजे घराच्या कर्जाचा उरलेला हप्ता, कधीतरी भरून टाकायचा, असा सूर त्यात असतो. पण दुसरं ऑपरेशन हे पहिल्याचं उरलेलं अर्धं काम नव्हे. मधल्या काळात वय पुढे सरकलेलं असतं, गोळ्यांच्या डब्यात भर पडलेली असते आणि शरीराला आधार देणारा पायही बदललेला असतो. हा शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

मुळात 'वाटी बदलली' हा शब्दप्रयोगही तितकासा खरा नाही. मांडीच्या हाडाचं झिजलेलं टोक तासून त्यावर बहुधा कोबाल्ट-क्रोमियमची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची तबकडी बसते आणि दोहोंच्या मधे पॉलिथिलीनची गादी. वाटी आपली आपल्याच जागी राहते. तिच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची चकती कोणी बसवतात, कोणी बसवत नाहीत. पहिल्या वेळी आपल्याला नेमकं काय बसवलं, हे दुसऱ्या वेळी उपयोगी पडतं. त्याकडे पुढे येतेच.

आधी निर्णयाचं बोलू. पहिल्या गुडघ्याचा निर्णय बहुतेकदा दुखण्यानेच घेतलेला असतो. रात्रीची झोप गेलेली असते, घरातले मागे लागलेले असतात. दुसऱ्याच्या बाबतीत मोजमाप फसवं होतं. बदललेला गुडघा शांत झाला की शेजारचा एकदम जास्त बोलू लागतो. तो आधीही बोलतच होता, पण मोठ्या आवाजात ऐकू येत नव्हता. काहींचं उलटं होतं. पहिला पाय भक्कम झाल्यावर चाल सुधारते, दुसऱ्यावरचा भार हलका होतो आणि तो चक्क बरा वाटू लागतो. म्हणून पहिल्या ऑपरेशननंतरचे दोन-तीन महिने जाऊ द्यावेत आणि मगच दुसऱ्याबद्दल मत बनवावं. दोन्ही गुडघे सारखेच निकामी असतील आणि थोड्या दिवसांच्या अंतराने दोन्ही करायचं डॉक्टरांनी आधीच ठरवलं असेल, तर ती गोष्ट वेगळी.

एक्स-रे एकट्याने निर्णय देत नाही. हाडाला हाड टेकलेलं दिसत असूनही माणूस गोदाकाठी अर्धा तास चालून येतो आणि मध्यम झिजेचा माणूस जिन्यावर अडकतो. त्यापेक्षा दोन आठवडे रोज चार ओळी लिहा. न थांबता किती मिनिटं चालता आलं, रात्री दुखण्याने किती वेळा जाग आली, वेदनाशामक किती घेतल्या आणि गुडघ्यामुळे कोणती गोष्ट टाळली. चौथी नोंद सगळ्यात खरी असते. लग्नाला गेलो नाही, भाजी आणायला दुसऱ्याला पाठवलं, माळ्यावरचं काढायचं राहिलं. तपासणीच्या दहा मिनिटांत हे आठवत नाही. कागदावर असेल तर डॉक्टरांनाही कळतं. गुडघ्यासाठी बारा प्रश्नांची 'ऑक्सफर्ड स्कोअर' नावाची प्रश्नावलीही आहे. तिच्यात 48 पैकी गुण मिळतात. गुण जितके कमी, तितका त्रास जास्त. पहिल्या ऑपरेशनआधी ती भरली असेल तर जुने गुण शोधून काढा.

एक्स-रे मात्र उभं राहून काढलेलाच हवा. आडव्या पायाच्या फोटोत सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. दुखणं नक्की गुडघ्याचंच आहे ना, हेही तपासून घ्यावं. खुब्याचा सांधा बिघडला तरी दुखतं गुडघ्यात. अशा वेळी जांघेतही दुखतं आणि मोजा घालताना पाय वळत नाही. कमरेतून उतरणारी कळ पोटरीपर्यंत जाते आणि तिच्याबरोबर मुंग्या येतात. हे निदान चुकलं तर उत्तम ऑपरेशनही दुखणं थांबवू शकत नाही. जगभरच्या अनुभवात सांधा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, आणि त्यामागचं एक कारण हेच आहे.

आता लेखाच्या नावाकडे. दुसऱ्या ऑपरेशननंतर किमान दीड महिना शरीराचा सगळा डोलारा पहिल्या, म्हणजे धातूच्या गुडघ्यावर उभा राहणार असतो. पलंगावरून उठताना, कमोडवरून उठताना, जिन्याची पहिली पायरी चढताना भार त्याच्यावरच येतो. तेव्हा दुसऱ्याची तारीख घेण्याआधी पहिल्याची परीक्षा घ्या. साधारण 18 इंच उंचीच्या, हात असलेल्या खुर्चीत बसा, हात छातीशी घ्या आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. शेजारी कोणीतरी हवंच. आठ-दहा वेळाही जमत नसेल, तर मांडीचे स्नायू अजून कच्चे आहेत. मग स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून फक्त पहिल्या पायावर दहा सेकंद उभं राहून बघा. हा गुडघा पूर्ण सरळ होतो का, तेही पाहा. आडवं झाल्यावर गुडघ्याखाली हात सहज सरकत असेल, तर तो सरळ होण्यात कमी पडतोय. अशा पायावर आठवडेच्या आठवडे भार टाकला की मांडी थकते आणि थकलेला माणूस पडतो.

पहिल्याचा नवा एक्स-रेही काढून घ्यावा. सांधा सैल तर होत नाही ना, हे त्यात दिसतं. पहिला गुडघा अजून सुजतो, गरम लागतो, रात्री ठणकतो, अशी कुरबूर असेल तर दुसऱ्याचा विषय तिथेच थांबवून आधी तिचं कारण शोधावं. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या साध्या रक्त तपासण्या, आणि गरज पडली तर सांध्यातलं पाणी काढून तपासणं. पहिल्यात जंतुसंसर्ग दबा धरून बसलेला असताना दुसऱ्यात धातू बसवायचा नसतो. रक्तावाटे तो तिकडेही पोहोचू शकतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही. दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील आणि एकच सरळ केला असेल, तर तो किंचित लांब होतो. माणूस वाकड्या पायाकडे झुकून चालू लागतो आणि मग कंबर धरते. "एवढं ऑपरेशन केलं आणि आता पाठ दुखायला लागली" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. दुसरा सरळ झाला की उंची पुन्हा जुळते. तोपर्यंत डॉक्टरांना विचारून वाकड्या पायाच्या चपलेत पातळ पट्टी घालता येते. पाय जास्त वाकडा असेल, तर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे, ज्याला स्कॅनोग्राम म्हणतात, तो काढायला लावा.

तारीख कधीची घ्यावी? नाशिकला याचं उत्तर द्राक्षबागेच्या वेळापत्रकाला धरून येतं. निफाड-दिंडोरीकडच्या घरांत ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत कोणालाही उसंत नसते, आणि एप्रिलची खरड छाटणी झाली की पुन्हा दीड-दोन महिने काम असतं. राहतात ते जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत माणसं घरी सापडतात, पण अंगणात चिखल असतो आणि ओल्या फरशीवर वॉकरचं रबर घसरतं. थंडीत सांधे आखडतात. निफाडच्या थंडीबद्दल वेगळं सांगायला नको. पण जखम घामेजत नाही आणि पायाला घट्ट मोजे घालणं सुसह्य होतं. माझं मत विचाराल तर ऋतूपेक्षा माणूस बघा. पहिले पंधरा दिवस रात्री उठवता येईल असं कोणी घरात कधी असेल, ती तारीख चांगली. एक अपवाद आहे. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. पंचवटी, जुनं नाशिक, त्र्यंबक या बाजूला राहणाऱ्यांनी त्याआधीच्या दीड महिन्यात ऑपरेशन ठेवू नये. टाके काढायला जाणं, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट, अडीअडचणीला रुग्णवाहिका, सगळं गर्दीत आणि बंद रस्त्यांत अडकेल.

तयारीला सहा आठवडे हवेत. त्यातला पहिला अर्धा दिवस जुनी फाइल शोधण्यात घालवा. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणं, भुलेची नोंद आणि सांध्याची स्टिकरं. या स्टिकरवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असतो. पहिला गुडघा चांगला चालला असेल तर त्याच बनावटीचा विचार होतो, आणि माप बहुतेकदा जवळपास तेच निघतं. मागच्या वेळी काय बिघडलं होतं, हेही एका कागदावर लिहा. भुलेनंतर उलट्या, लघवी अडकणं, रक्त चढवावं लागणं, एखाद्या अँटिबायोटिकने पुरळ, दोन दिवस भ्रम होणं. "तेव्हा जरा त्रास झाला होता" एवढं सांगून भूलतज्ज्ञांना काही करता येत नाही. औषधाचं नाव आणि काय झालं, हे सांगितलं तर ते मार्ग बदलू शकतात.

रक्तात हिमोग्लोबिन आधी बघा. ते 12 च्या खाली असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काही करता येत नाही. सहा आठवडे आधी कळलं तर कारण शोधून लोह देता येतं. मधुमेह असेल तर एचबीए1सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, साधारण 7.5 ते 8 च्या आत आणावा, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. वाढलेल्या साखरेत जखम सावकाश भरते आणि जंतूंचं फावतं. मशेरी आणि तंबाखू किमान चार ते सहा आठवडे बंद. मशेरी लावणाऱ्या आजी त्याला व्यसन मानत नाहीत, म्हणून विचारलं तर "नाही" म्हणतात. घरच्यांनीच डॉक्टरांना सांगावं. बदलायच्या गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर त्यानंतर तीन महिने जाऊ द्यावे लागतात. "तारखेपर्यंत जरा आराम पडावा" म्हणून घेतलेली एक सुई तारीखच पुढे ढकलते.

दात विसरू नका. किडलेला दात, हिरड्यांतला पू, काढायचं राहिलेलं मूळ हे सगळं आधी उरकावं. लघवीला जळजळ, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचांच्या भेगा, नखाच्या कोपऱ्यातला पू, यांवरही उपचार आधीच झाले पाहिजेत. अनवाणी शेतात जाणाऱ्यांच्या टाचा एक महिना रोज धुऊन, व्हॅसलीन लावून मऊ कराव्या लागतात. ऑपरेशनच्या दिवसांत गुडघ्यावर रेझर फिरवू नये. त्याने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात मशीनने काढतात.

गोळ्यांच्या बाबतीत मागच्या वेळची यादी चालत नाही. मधल्या वर्षांत हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळी, बसला असेल, रक्त पातळ करणारी नवी गोळी लागली असेल. क्लोपिडोग्रेल सहसा पाच ते सात दिवस आधी थांबवतात, वॉरफरिन पाच दिवस, अॅपिक्सॅबनसारख्या नव्या गोळ्या दोन-तीन दिवस. कमी मात्रेची अॅस्पिरिन अनेकदा चालू ठेवतात. स्टेंट ताजा असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय काहीही बंद करायचं नाही. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. नाहीतर साखर वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साचू शकतं. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी त्या घेत नसाल, तर हे कोणी सांगितलेलंही नसेल. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून फिजिशियनकडे न्या आणि कोणती कधी बंद, कधी सुरू, हे तारखांसह लिहून घ्या. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णंही त्याच पिशवीत हवीत.

ताकद वाढवायची ती दोन्ही पायांची आणि हातांचीही. पाय सरळ ठेवून गुडघा गादीत दाबायचा, पाच सेकंद धरायचा, असं दहा वेळा. पाय सरळ ठेवूनच वीतभर उचलायचा, दहा वेळा. टाच घसटत गुडघा वाकवायचा, दहा वेळा. हे दिवसातून तीनदा. हातांसाठी खुर्चीचे हात दाबून बूड किंचित उचलायचं. वॉकरवर भार घ्यायला हेच स्नायू लागतात. शाकाहारी घरांत प्रथिनं हमखास कमी पडतात. साठ किलोच्या माणसाला रोज साधारण 60 ते 70 ग्रॅम लागतात आणि एक वाटी वरणातून जेमतेम सहा-सात मिळतात. शंभर ग्रॅम पनीर, दोन पेले दूध, मोड आलेली मटकी, दाण्याची चटणी, चालत असतील तर अंडी, असं जमवून आणावं लागतं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारून.

घराचं काय? मागच्या वेळी आणलेला कमोडचा उंच पाट आणि वॉकर माळ्यावर असेल. वॉकरच्या चारही पायांची रबरं बघा. ठेवून ठेवून ती कडक होतात आणि फरशीवर सरकतात. उंची अशी हवी, की हात सैल सोडले की मूठ मनगटाशी यावी. न्हाणीघरात हँडल भिंतीत पक्कं ठोकलेलं हवं; टॉवेलच्या दांडीला धरून माणूस पडतो. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवा. उंबऱ्याच्या कडेला रंगीत पट्टी चिकटवा. पंचवटीतल्या वाड्यांचे लाकडी जिने उभे आणि अरुंद असतात, तिथे वॉकर मावत नाही. अशांनी पंधरा दिवस खालच्या खोलीत मुक्काम हलवावा किंवा काठीने जिना चढण्याचा सराव आधीच करावा. रुग्णालयातून घरी येताना रिक्षा नको, तिच्यात पाय पसरता येत नाही. मोटारीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवून बसा.

पैशांकडे जरा लक्ष द्या. ऑगस्ट 2017 पासून गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे आणि बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच वेगळे दाखवावे लागतात. ते मागून घ्या. विम्यात एका गुडघ्यासाठी वेगळी मर्यादा आहे का ते बघा. खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली तर बाकी बिलातूनही त्या प्रमाणात कापलं जातं. एकाच वर्षात दोन्ही गुडघे करणार असाल, तर संपलेली रक्कम पुन्हा भरून देण्याची सोय त्याच आजाराला लागू आहे का, हे लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत ती नसते. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतमध्ये उत्पन्नाची अट नसलेलं पाच लाखांचं संरक्षण आहे. पण गुडघ्याचं पॅकेज कोणत्या रुग्णालयात चालतं, हे दाखल होण्याआधी विचारा.

मनाच्या तयारीबद्दल एकच सांगते. मागच्या वेळची आठवण तारखांच्या बाबतीत फसवते. "तेव्हा तिसऱ्या दिवशी जिना चढले होते" असं म्हणत दुसऱ्या पायाला त्याच वेळापत्रकात बसवायला जाऊ नये. दुसऱ्या वेळी वेदना जास्त जाणवते, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत आढळलेलं आहे. एका मोठ्या ऑपरेशनमधून गेलेल्या मज्जासंस्थेचं वेदनेचं दार थोडं उघडंच राहतं. म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच विचारा: कमरेतून भूल दिल्यावर मांडीतही नसेजवळ इंजेक्शन देणार का? घरी गेल्यावर वेदनेच्या गोळ्या घड्याळ बघून घ्यायच्या आहेत, की दुखल्यावर? पहिले काही दिवस घड्याळ बघून घेतलेल्या बऱ्या. दुखणं चढल्यावर घेतलेली गोळी उशिरा पोहोचते, तोवर व्यायाम बुडतो आणि गुडघा आखडतो. दोन आठवड्यांत 90 अंशांच्या आसपास आणि दीड महिन्यात 110 च्या पुढे वाकणं, हे सर्वसाधारण लक्ष्य. उशी गुडघ्याखाली ठेवायची नाही, टाचेखाली ठेवायची. दुखण्याला बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली ठेवलेली उशी पाय कायमचा किंचित वाकडा ठेवते.

ऑपरेशनच्या सकाळी तीन गोष्टी. घन अन्न किमान सहा तास आधी बंद, साधं पाणी भूलतज्ज्ञांनी परवानगी दिली तर दोन तास आधीपर्यंत. कोणत्या पायावर काम आहे ती खूण डॉक्टरांनी पेनने करावी आणि ती तुम्ही जागे असताना करावी. एका गुडघ्यावर जुना व्रण आहे, म्हणजे चूक होणारच नाही, असं कोणीही गृहीत धरू नये. तिसरी गोष्ट फक्त दुसऱ्या वेळीच लागते: पहिल्या गुडघ्यात धातू आहे, हे थिएटरमधल्या माणसांना पुन्हा एकदा सांगा. रक्त थांबवायच्या विजेच्या यंत्राची चिकटणारी पट्टी त्या गुडघ्यावर लावायची नसते.

आणि मग तो जिना. चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय खाली, हे मागच्या वेळी पाठ झालेलं असतं. पण तेव्हा 'चांगला' म्हणजे झिजलेला, दुखरा, आपला जन्माचा पाय होता. आता 'चांगला' तो धातूचा आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत सवयीने भलताच पाय पुढे जातो. घरातल्यांनी एक पायरी खाली, बाजूला उभं राहून नावाने सांगावं: "आई, डावा आधी." डावा-उजवा म्हणावं, चांगला-वाईट म्हणू नये. चार-पाच दिवसांत तोंडाने सांगायची गरज उरत नाही.